भय व्यक्तीचे की खुर्चीचे?

एखाद्या समाजाने काय काय सोसले आहे, हे त्याच्या भाषेच्या तळाशी साठून राहते. जुलमी सत्तेसाठी मराठीने जपून ठेवलेले शब्द या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. 'मोगलाई', 'नादिरशाही', 'पेंढारशाही' हे शब्द आता इतिहासाच्या पुस्तकांतून बाहेर पडून माजघरात येऊन बसले आहेत. घरातल्या कर्त्या माणसाने कोणालाही न विचारता एखादा निर्णय दिला, तर आजी सहज बोलून जाते, "इथे काय मोगलाई लागून गेली आहे?" 'हम करे सो कायदा' हे वाक्य तर अर्धे हिंदी असूनही आपण पुरते मराठी करून टाकले आहे. इंग्रजांच्या 'डिक्टेटर'साठी हिंदीत 'तानाशाह' हा शब्द रूढ झाला; मराठीने अरबी 'हुकूम' आणि फारसी 'शहा' यांची सांगड असलेला 'हुकूमशहा' पसंत केला. ज्याचा हुकूम हाच कायदा, तो हुकूमशहा. व्याख्या शब्दातच सामावलेली आहे.

असा एखादा हुकूमशहा आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे की काय, ही शंका लोकशाहीत वारंवार उपस्थित होते. कोणी नेता लोकांच्या गळ्यातला ताईत झाला, त्याच्या सभांना मैदाने अपुरी पडू लागली, त्याच्या पक्षात त्याच्यापुढे दुसऱ्या कोणाचे नाव निघेनासे झाले, की काही लोक मान हलवून म्हणू लागतात, "हा उद्या हुकूमशहा होणार." त्यावर दुसरे उसळून म्हणतात, "हा निव्वळ मत्सर आहे. खंबीर माणूस म्हणजे हुकूमशहा नव्हे." दोन्ही पक्ष आपापल्या परीने प्रामाणिक असू शकतात. परंतु हे भय खरे केव्हा आणि खोटे केव्हा, याचा शांतपणे विचार क्वचितच होतो. तो विचार येथे करावयाचा आहे; आणि तो करताना आजच्या कोणा पुढाऱ्याचे नाव घेण्यापेक्षा ज्यांचे हिशेब काळाने पुरे केले आहेत, अशांचीच उदाहरणे घेणे इष्ट होईल.

जुन्या जगाची साक्ष

हे भय पुरातन आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात अथेन्समध्ये पिसिस्ट्रेटस नावाचा एक लोकप्रिय पुढारी होता. हिरोडोटस सांगतो की, त्याने स्वतःला व आपल्या खेचरांना जखमा करून घेतल्या, भर चौकात रथ आणला आणि शत्रू आपल्या जिवावर उठले आहेत, असे सांगून लोकांकडे संरक्षक मागितले. लोकांनी मोठ्या मनाने सोटेधारी रक्षक दिले. त्यांच्याच बळावर त्याने नगराचा किल्ला घेतला. गंमत अशी की, त्याचा कारभार फारसा वाईट नव्हता. शेतकऱ्यांना त्याने मदत केली, नगर सजवले. परंतु त्याच्यामागे तीच सत्ता त्याच्या मुलांकडे गेली. त्यांपैकी एकाचा खून होताच दुसरा इतका क्रूर झाला की, ख्रिस्तपूर्व ५१० मध्ये त्याला हाकलून द्यावे लागले. पहिला बरा निघाला, म्हणून दुसराही बरा निघेल, याची हमी कोणी दिलेली नव्हती.

या अनुभवाने पोळलेल्या अथेन्सने एक विलक्षण उपाय काढला. वर्षातून एकदा नागरिकांनी ठरवावे की, यंदा कोणाला हद्दपार करण्याची गरज आहे काय. गरज आहे असे ठरल्यास खापरांच्या तुकड्यांवर नावे लिहावयाची आणि सहा हजार खापऱ्या जमल्या, तर ज्याचे नाव सर्वाधिक निघेल त्याने दहा वर्षे नगराबाहेर राहावयाचे. त्याची मालमत्ता जप्त होत नसे, अब्रूही जात नसे. शिक्षा अशी ही नव्हतीच. होणाऱ्या हुकूमशहाला आधीच दूर सारण्याची ती युक्ती होती. परंतु तिची दुसरी बाजू प्लुटार्कने नोंदवली आहे. ॲरिस्टायडीज हा 'न्यायी' म्हणून नावाजलेला पुरुष. ख्रिस्तपूर्व ४८२ च्या मतदानाच्या वेळी एका निरक्षर खेडुताने त्याला न ओळखता त्याच्याच हाती खापरी देऊन म्हटले, "यावर ॲरिस्टायडीजचे नाव लिही." त्याने तुझे काय वाईट केले, असे विचारता तो म्हणाला, "काही नाही. त्याला जो तो न्यायी न्यायी म्हणतो, त्याचा कंटाळा आला आहे." ॲरिस्टायडीजने मुकाट्याने आपले नाव लिहून दिले. दोनच वर्षांनी इराणी सैन्य चालून आले, तेव्हा त्याच अथेन्सला त्याला परत बोलवावे लागले. भयाच्या नावाखाली मत्सर किती सहज मत देऊन जातो, याचे हे बोलके उदाहरण होय.

रोमने त्याहून उतावळा मार्ग धरला. ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझर तहहयात सर्वाधिकारी झाला. तो राजा होणार, या भयाने सिनेटच्या सभासदांनी त्याला भर सभेत भोसकले. भय निराधार नव्हते. परंतु हत्येने प्रजासत्ताक वाचले नाही. यादवी माजली आणि ख्रिस्तपूर्व २७ पासून ऑगस्टसच्या रूपाने सम्राटशाही कायमची आली. माणूस मारला गेला. पण तो ज्या आसनावर बसला होता, ते रिकामेच राहिले आणि दुसरा येऊन बसला.

याच्या नेमके उलट जर्मनीत घडले. तेथे भय बाळगावयास हवे होते, ते हसण्यावारी नेले गेले. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला, तेव्हा त्याच्या मंत्रिमंडळात त्याच्यासह नाझी पक्षाचे तिघेच होते. उपचॅन्सेलर फॉन पापेन यांना वाटत होते की, या माणसाला आपण मुठीत ठेवू. फेब्रुवारीच्या अखेरीस संसदभवनाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखाली नागरिकांचे हक्क स्थगित करण्यात आले. २३ मार्च रोजी संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी आपलेच कायदे करण्याचे अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाला देऊन टाकले. पन्नास-बावन्न दिवसांत सर्व उरकले, आणि तेही कायद्याच्या कागदावर शिक्के मारून. पापेन यांच्या मुठीत काय उरले, हे जगाने पाहिले.

तेव्हा जुन्या जगाची साक्ष घेतली, तर उत्तर एकेरी येत नाही. कधी भय खोटे ठरले, कधी खरे ठरूनही उपाय चुकला, तर कधी खरे असूनही कोणी मनावर घेतले नाही.

आपल्या संस्थानांचा धडा

आपण, म्हणजे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे, या प्रश्नाकडे जरा निराळ्या अनुभवातून पाहू शकतो. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार येथे सरदार-शिलेदारांबरोबर किंवा कारकुनी-भिक्षुकीच्या निमित्ताने आले आणि एकाच पुरुषाच्या इच्छेवर चालणारे राज्य त्यांनी जवळून पाहिले. घरोघरी त्याच्या आठवणी सांगितल्या जातात, त्या बहुधा चांगल्या राजांच्या असतात. बडोद्याचेच उदाहरण घ्या. मल्हारराव गायकवाडांच्या कारभाराविरुद्ध इतका गदारोळ झाला की, १८७५ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केले. त्यांच्या जागी दत्तक आलेले सयाजीराव असे निघाले की, १९०६ मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला धाडले. गादी तीच, अधिकार जवळजवळ तेच. मल्हारराव गेले आणि सयाजीराव आले, यात बडोद्याच्या प्रजेचे कर्तृत्व काय होते? काहीही नाही. तो नशिबाचा भाग होता.

इंदूरकरांना अहिल्याबाईंचा सार्थ अभिमान आहे. १७६७ ते १७९५ एवढा काळ त्या माउलीने जो कारभार केला, त्याची आठवण घाटाघाटांवर कोरलेली आहे. परंतु त्याच वंशात पुढे काय काय झाले, याचीही आठवण इंदूरला आहे. पुण्यश्लोक राज्यकर्ता लाभणे हे भाग्य खरे. पण भाग्य ही काही राज्यव्यवस्था नव्हे.

येथे आपल्या परंपरेतील दुसऱ्या धाग्याचेही स्मरण केले पाहिजे. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याचा ठपका राघोबादादांवर ठेवून, याला देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही, असे रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांच्या तोंडावर सांगितले आणि पद सोडून ते पुण्याबाहेर पडले, असे परंपरा सांगते. ही गोष्ट आपण मुलांना शूरवीरांच्या गोष्टींच्या पंक्तीत बसवून सांगतो, हे योग्यच आहे. मात्र तिचा उरलेला भाग सांगावयास आपण विसरतो. एकट्या शास्त्रीबुवांच्या निःस्पृहतेने राघोबादादा पायउतार झाले नाहीत. त्यासाठी नाना फडणीस, सखारामबापू आदी बारभाईंना एकत्र यावे लागले. एकाचा नकार हा ठिणगीसारखा असतो. तिला धरून ठेवणारी माणसे व संस्था नसतील, तर ती विझते.

स्वतःचेच भय बाळगणारा नेता

आता आपल्या स्वतंत्र देशाकडे वळू. १९३७ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' या मासिकात 'राष्ट्रपति' या मथळ्याचा एक लेख प्रसिद्ध झाला. लेखकाचे नाव होते 'चाणक्य'. काँग्रेसच्या अध्यक्षाला त्या काळी राष्ट्रपती म्हणत आणि त्या वेळी ते पद पंडित जवाहरलाल नेहरूंकडे होते. आपल्या खानदेशातील फैजपूर येथे १९३६ च्या डिसेंबरात भरलेल्या, काँग्रेसच्या पहिल्या ग्रामीण अधिवेशनाचे अध्यक्षही तेच होते. त्यांना पुन्हा अध्यक्ष करावे, असा सूर निघत असतानाच हा लेख आला.

चाणक्याने नेहरूंची धडगत ठेवली नव्हती. गर्दीतून हसतमुखाने जाणारा हा माणूस खरोखर इतका सहज आहे की ही मुरलेल्या नटाची कला आहे, असा प्रश्न त्याने केला होता. अफाट लोकप्रियता, प्रबळ इच्छाशक्ती, कामाचा झपाटा, अभिमान, दुसऱ्याविषयीची असहिष्णुता, मंदगतीचा तिटकारा ही सर्व हुकूमशहाची सामग्री या माणसाजवळ आहे. तो आज लोकशाहीची भाषा बोलतो, पण थोडासा वळसा पडला तर तो सीझर होऊ शकेल. म्हणून त्याला तिसऱ्यांदा अध्यक्ष करू नये, असा त्याचा इशारा होता. हा धाडसी टीकाकार कोण, याविषयी तर्क चालले. पुढे उघड झाले की, चाणक्य म्हणजे स्वतः जवाहरलाल नेहरूच!

या प्रसंगाकडे नुसते कौतुकाने पाहून चालणार नाही. त्यात थोडा आत्मगौरवही असेल. परंतु लोकांच्या प्रेमाने आपले डोके फिरू शकते, हे ज्याला कळते आणि जो ते छापून आणतो, त्याच्याविषयीचे भय अर्धे कमी होते, हे मान्य केले पाहिजे. १९४७ ते १९६४ अशी सुमारे १७ वर्षे नेहरू पंतप्रधान होते. विरोधी पक्ष दुबळे होते. मनात आणते तर त्यांना अडवणारे फारसे कोणी नव्हते. तरीही तीन सार्वत्रिक निवडणुका वेळेवर झाल्या. व्यंगचित्रकार शंकर यांना त्यांनी, मलाही सोडू नका, असे सांगितले होते आणि शंकर यांनी ते तंतोतंत पाळले. मुंदडा प्रकरण संसदेत बाहेर काढले ते त्यांच्या जावयाने, फिरोज गांधींनी. न्यायमूर्ती छागलांनी त्याची चौकशी मुंबईत उघडपणे, लोकांच्या समक्ष केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांना जावे लागले.

आपल्या चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण तर मुद्दाम सांगण्यासारखे आहे. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि मंत्रिमंडळाशी नीट विचारविनिमय न करता निर्णय घेतले जातात, असा आरोप लोकसभेत पंतप्रधानांच्या समक्ष केला. पुढे काय झाले? त्यांच्या दारी पोलीस आले नाहीत. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर नेहरूंविषयी मराठी मनात जो राग होता तो खोटा नव्हता, आणि सीमाभागातील वाचकांची जखम तर आजही भरलेली नाही. परंतु लोकांचा कौल पाहून अखेर १ मे १९६० ला महाराष्ट्र द्यावा लागला, हेही तितकेच खरे. हट्टी नेता आणि हुकूमशहा यांतील अंतर येथे दिसते. हट्टी नेता उशिरा का होईना, ऐकतो. कारण त्याने आपले कान बंद करण्याची सोय करून ठेवलेली नसते.

म्हणजे चाणक्याचे भय खोटे ठरले काय? व्यक्तीपुरते पाहिले, तर बव्हंशी खोटे ठरले. पण नेहरूंच्याच काळात काही हत्यारे घडवली गेली, हे विसरता येत नाही. विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा १९५० मध्ये झाला. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरील मर्यादा वाढल्या. १९५९ मध्ये केरळचे निवडून आलेले सरकार बरखास्त झाले. ही हत्यारे आपल्यासारख्या सज्जनांच्या हाती सुरक्षित आहेत, असे त्या वेळच्या राज्यकर्त्यांना वाटले असावे. हत्यार मात्र हात ओळखत नाही.

ज्यांनी आधी सांगितले होते

घटना समितीत हे ओळखणारी माणसे होती. १९४९ च्या ऑगस्टमध्ये आणीबाणीच्या कलमांवर चर्चा चालू असता हरि विष्णु कामत यांनी जर्मनीच्या वायमार घटनेकडे बोट दाखवून या तरतुदींना कडाडून विरोध केला. ज्या ४८ व्या कलमाचा उल्लेख वर आला आहे, त्याचीच ही आठवण होती. बहुमताने त्यांचे ऐकले नाही. हेच कामत पुढे १९७७ मध्ये होशंगाबादहून, म्हणजे आजच्या नर्मदापुरमहून, लोकसभेवर निवडून आले; तोवर त्यांचे भय देशाने भोगून झाले होते.

डॉक्टर आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे केलेल्या भाषणात दुसऱ्या बाजूने इशारा दिला. कामतांनी कलमांचे भय सांगितले. बाबासाहेबांनी आपल्या मनाचे सांगितले. माणूस कितीही थोर असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये; धर्मात भक्ती हा मोक्षाचा मार्ग असेल, पण राजकारणात विभूतिपूजा ही अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त १९४३ मध्ये पुण्यात केलेल्या भाषणातही त्यांनी हाच भेद केला होता : थोर पुरुषाविषयी आदर बाळगणे निराळे आणि त्याची आज्ञा डोळे मिटून पाळणे निराळे. संतांच्या भक्तीत वाढलेल्या आपल्या समाजाला हा भेद सर्वांत अवघड जातो, हे त्यांनी अचूक हेरले होते.

मग १९७५ उजाडले. १२ जून रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला ते कळले दुसऱ्या दिवशी सकाळी. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. २१ मार्च १९७७ पर्यंत चाललेल्या त्या कालखंडात एक लाखाहून अधिक माणसे विनाचौकशी किंवा संरक्षण नियमांखाली तुरुंगात गेली. जयप्रकाशांपासून ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांच्यापर्यंत सर्व विचारांचे लोक त्यांत होते. पंतप्रधानांच्या निवडणुकीवर न्यायालयाने निर्णयच देऊ नये, अशी ३९ वी घटनादुरुस्ती ऑगस्टमध्ये झाली. ज्यांना नेहरूंनी सोडू नका म्हटले होते, त्या शंकर यांचे साप्ताहिक त्याच महिन्यात बंद पडले.

आमच्या मध्य प्रदेशाचे नाव या इतिहासात एका खटल्याने कायमचे जोडले गेले आहे. स्थानबद्धांना निदान न्यायालयाचे दार ठोठावता यावे, असा निर्णय जबलपूरच्या उच्च न्यायालयासह देशातील नऊ उच्च न्यायालयांनी दिला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे, उद्या पोलिसाने कोणाचा बेकायदा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही काय, असे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारले. आणीबाणी असेपर्यंत नाही, असे उत्तर सरकारच्या महान्यायवाद्यांनी दिले. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. त्या चौघांत यशवंतराव चंद्रचूड हे आपले विद्वान मराठी न्यायमूर्तीही होते. एकटे खन्ना विरोधात राहिले. सरन्यायाधीशपदाचा त्यांचा क्रम डावलला गेला आणि त्यांनी राजीनामा दिला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो जुना निकाल पुसून टाकला. त्या निकालपत्रात हे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे यशवंतरावांचेच चिरंजीव होत. चूक दुरुस्त होण्यास ४१ वर्षे लागली. पण संस्था टिकली होती, म्हणून ती दुरुस्त होऊ शकली.

आपल्या साहित्यिकांनी त्या वेळी मान राखली, हे सांगताना ऊर भरून येतो. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण आणि अध्यक्षा होत्या दुर्गाबाई भागवत. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याचा मुद्दा निर्भयपणे मांडला आणि आजारी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करावयास लावली. पुढे त्यांना अटक झाली. १९७७ च्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे यांनी आपली सारी लोकप्रियता प्रचारसभांच्या स्वाधीन केली.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गाड्या वेळेवर धावतात, कचेरीत माणसे जागेवर सापडतात, म्हणून कित्येक मध्यमवर्गीय घरांत समाधान होते. विनोबांचा 'अनुशासनपर्व' हा शब्द सरकारने भिंतीभिंतींवर रंगवला. आणि एक गोष्ट शिक्षकाच्या पेशातील माणसाने तरी विसरू नये : १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि अनेक ठिकाणी 'केसेस' आणण्याचे उद्दिष्ट शाळामास्तरांनाही देण्यात आले, ते पुरे न केल्यास पगार अडवले गेले. दिल्लीत बसलेल्या एका व्यक्तीने ही माणसे पकडून आणली नाहीत. वरून आलेल्या कागदाखाली सह्या करीत करीत तुमच्याआमच्यासारख्यांनीच ती आणली. हुकूमशाही एका माणसाच्या नावाने ओळखली जाते. ती चालवतात मात्र हजारो आज्ञाधारक हात.

इंदिरा गांधींनी जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक आपण होऊन जाहीर केली, रायबरेलीत त्या पराभूत झाल्या, पराभव मानून पायउतार झाल्या आणि १९८० मध्ये मतांच्याच मार्गाने परत आल्या. न्यायाने हेही नोंदवले पाहिजे. त्यांना हिटलरच्या पंक्तीला बसवणारे इतिहासाशी इमान राखीत नाहीत. पण त्यांनी निवडणूक घेतली नसती तर? त्या २१ महिन्यांनंतर आपले स्वातंत्र्य आपल्याला परत मिळाले, ते काही अंशी त्यांच्या मर्जीने मिळाले, ही गोष्ट खरी भय वाटण्याजोगी आहे.

पारख कशी करावी?

मग हे भय बाळगावे की बाळगू नये? आतापर्यंतच्या विवेचनावरून एक गोष्ट निघते. व्यक्तीविषयीचे भय अनेकदा चुकते. खुर्चीविषयीचे भय सहसा चुकत नाही. म्हणून प्रश्न 'हा माणूस कसा आहे?' असा न विचारता, 'हा माणूस उद्या बिघडला, किंवा याच्या जागी दुसरा आला, तर त्याला थांबवणारे काय शिल्लक आहे?' असा विचारावा.

नेता कडक आहे, मितभाषी आहे, त्याचे धोरण आपल्याला रुचत नाही, तो लागोपाठ निवडून येतो, एवढ्यावरून त्याला हुकूमशहा ठरवणे म्हणजे ॲरिस्टायडीजची खापरी रंगवणे होय. शब्द स्वस्त केला की, खरी वेळ येते तेव्हा त्याचा कोणावर परिणाम होत नाही. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांना उगीच सांगत नाही.

परंतु काही खुणा अशा आहेत की, त्या दिसताच, नेता आपला लाडका असला तरी, सावध व्हावे. स्वतःवरचा खटला किंवा स्वतःची मुदत यांसाठी नियम बदलले जात आहेत काय? 'नाही' म्हणणारा न्यायाधीश, अधिकारी, संपादक यांची बढती अडते काय? त्याच्याच पक्षात त्याच्यासमोर उभे राहून बोलणारा कोणी चिंतामणराव उरला आहे काय, आणि बोलल्यानंतर त्याचे काय होते? तात्पुरते म्हणून घेतलेले अधिकार ठरलेल्या दिवशी परत केले जातात काय? त्याची थट्टा करणारे चित्र छापून येते काय? ही कसोटी कोणत्याही पक्षाच्या, कोणत्याही राज्याच्या, किंबहुना गावातल्या पतपेढीच्या आणि मंडळाच्या अध्यक्षालाही लावून पाहावी.

भयाचे रूपांतर द्वेषात केले तर सीझरची हत्या होते. बंदोबस्तात केले तर घटना सुधारते. १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती हे याचे उत्तम उदाहरण आहे. तिने 'अंतर्गत अशांतता' हे सैल कारण काढून 'सशस्त्र उठाव' हे कारण घातले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला. महिन्याच्या आत संसदेच्या विशेष बहुमताची मंजुरी आणि दर सहा महिन्यांनी नवी मंजुरी सक्तीची केली. आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरवले. अमेरिकेतही असेच झाले. जॉर्ज वॉशिंग्टन दोन मुदतींनंतर आपण होऊन घरी गेले आणि तो पायंडा पडला. फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आले, तेव्हा तो मोडला. ते हुकूमशहा नव्हते. तरीही १९५१ मध्ये अमेरिकेने दोन मुदतींची मर्यादा राज्यघटनेतच लिहून टाकली. चांगल्या माणसाचा अपमान न करता पुढच्या माणसाची काळजी घेणे, याला शहाणपण म्हणतात.

तथापि कागदावरचा बंदोबस्त पाळणारी माणसे घरातच घडावी लागतात. ज्या घरात मुलाने 'का?' असे विचारलेले चालत नाही, ज्या वर्गात गुरुजींची चूक दाखवणे हा उद्धटपणा ठरतो, ज्या मंडळात वर्षानुवर्षे एकच अध्यक्ष टाळ्यांच्या गजरात निवडला जातो, तेथून निघालेला नागरिक मोठ्या सत्तेपुढे एकदम ताठ उभा राहील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. आपल्या मराठी मंडळांच्या वार्षिक सभेत हिशेब विचारणाऱ्याकडे आपण कसे पाहतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. तो कटकट्या वाटतो. पण संस्था तोच जिवंत ठेवीत असतो.

नेत्यावर प्रेम जरूर करावे. त्याचे उपकार मानावेत. तो चुकला तर सांगावे, आणि तो न ऐकेल तर मतपेटीतून सांगावे. आजीच्या तोंडचा तो जुना प्रश्न, "इथे काय मोगलाई लागून गेली आहे?", घरात जितक्या मोकळेपणाने विचारला जातो, तितक्याच मोकळेपणाने तो चावडीवर, कचेरीत आणि राजधानीत विचारता येतो, तोवर भयाचे कारण नाही. तो विचारताना जीभ अडखळू लागली, की समजावे, भय खरे होते.